जुन्या कर्जाची नोटीस आली तर काय करावे?

पोस्टमनने वकिलाच्या नावाचा लिफाफा हाती दिला की सर्वसाधारण कुटुंबात सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, म्हणून घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तो वाचायला सांगतात. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या कर्जाची रक्कम व्याजासह तिप्पट-चौपट झालेली असते. सात दिवसांत ती न भरल्यास दिवाणी व फौजदारी कारवाई, जप्ती, अटक असे शब्द ओळीने आलेले असतात. अलीकडे तोच मजकूर मोबाईलवर येतो आणि पाठोपाठ वसुलीवाल्याचा फोन येतो. अशा वेळी घाबरून कोणी दागिने मोडून पैसे भरतो, कोणी सांगतील त्या कागदावर सही करून मोकळा होतो, तर कोणी रागाने नोटीस फाडून टाकतो. या तिन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत.

असे कागद घेऊन सभासद येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आता जेलमध्ये जावे लागेल काय?" आम्ही विचारतो तो पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो : "शेवटचा हप्ता कधी भरला आणि त्यानंतर कोठे सही केली काय?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. ते का, हे आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना समजावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुदतीचा कायदा काय सांगतो

आपल्या देशात १ जानेवारी १९६४ पासून १९६३ चा मुदतीचा कायदा लागू आहे. वकील मंडळी त्याला लिमिटेशन ॲक्ट म्हणतात. कोणता दावा किती काळात दाखल केला पाहिजे, हे या कायद्याने ठरवून दिले आहे. हातउसने दिलेले पैसे, वैयक्तिक कर्ज, वचनचिठ्ठीवर दिलेले पैसे, करार मोडल्याबद्दलची भरपाई या सर्वांसाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. या मुदतीत सावकाराने अथवा बँकेने दावा दाखल केला नाही, तर पुढे तो चालत नाही. कायद्याच्या तिसऱ्या कलमात तर असे म्हटले आहे की, प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी मुदतीबाहेरचा दावा कोर्टाने फेटाळलाच पाहिजे.

कर्ज बुडवणाऱ्याला कायदा संरक्षण का देतो, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. वर्षे लोटली की पावत्या हरवतात, साक्षीदार मरतात किंवा गाव सोडून जातात. पैसे फेडलेल्या माणसालाही आपण फेडले हे सिद्ध करता येत नाही. म्हणून ज्याला पैसे मागायचे आहेत त्याने वेळेत मागावेत, दुसऱ्याच्या डोक्यावर जन्मभर टांगती तलवार ठेवू नये, असे कायद्याचे धोरण आहे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. मुदत संपली म्हणजे कर्ज नाहीसे झाले असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली बॉम्बे डाईंगच्या प्रकरणात हे स्पष्ट केले की, मुदतीच्या कायद्याने वसुलीचा मार्ग बंद होतो, देणे मात्र पुसले जात नाही. त्यामुळे सावकाराला पैसे मागण्यास, पत्र पाठविण्यास बंदी नाही. पण ते कोर्टाच्या बळावर वसूल करण्याचा मार्ग त्याला उरत नाही. १९९९ साली केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले की, जे कर्ज मुदतीबाहेर गेल्यामुळे दाव्याने वसूल होत नाही, ते महसुली थकबाकीच्या कायद्याचा आधार घेऊन मागच्या दाराने वसूल करता येणार नाही.

मुदत कशी मोजावी

मुदत नोटिशीच्या तारखेपासून मोजायची नसते. दरवर्षी एक नोटीस पाठविली म्हणून मुदत दरवर्षी नव्याने सुरू होत नाही. तसेच बँकेने आपले जुने कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले, तरी नव्या कंपनीला जुन्या बँकेपेक्षा जास्त हक्क मिळत नाही. जी मुदत संपली ती संपलीच. आजकाल येणाऱ्या पुष्कळशा नोटिसा अशा थकीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपन्यांच्याच असतात.

परतफेडीची तारीख ठरलेली नसेल आणि मागताक्षणी द्यायचे असेल, तर मुदत पैसे दिल्या तारखेपासून मोजतात. हप्त्याचे कर्ज असेल तर जो हप्ता ज्या तारखेस देय झाला त्या तारखेपासून त्या हप्त्याची मुदत सुरू होते. मात्र हप्ते चुकल्यामुळे कराराप्रमाणे सगळे कर्ज एकदम मागितले असेल, तर तेव्हापासून सगळ्या रकमेची मुदत सुरू होते.

वानगीदाखल एक हिशेब करू. समजा, एका सभासदाने २०१३ साली पन्नास हजार रुपयांचे वैयक्तिक कर्ज घेतले. हप्ते छत्तीस, पहिला एप्रिल २०१३ मध्ये आणि शेवटचा मार्च २०१६ मध्ये देय. नोकरी सुटल्यामुळे जून २०१४ पासून त्याने काहीच भरले नाही आणि कोणत्या कागदावर सहीही केली नाही. बँकेने दावाही केला नाही. अशा वेळी अगदी शेवटच्या हप्त्याची मुदतसुद्धा मार्च २०१९ मध्ये संपली. मग २०२५ साली आलेली नोटीस कितीही कडक भाषेत असली तरी ती मुदतबाह्य कर्जाचीच नोटीस होय.

अलीकडच्या कर्जांच्या बाबतीत मात्र करोनाचा काळ विसरू नये. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला आहे. म्हणजे ज्या कर्जाची तीन वर्षे १० ऑगस्ट २०२१ रोजी पुरी व्हायची होती, त्याची १५ मार्च २०२० रोजी उरलेली मुदत १ मार्च २०२२ पासून पुढे मोजावी लागते आणि ती साधारण जुलै २०२३ च्या अखेरपर्यंत जाते. नुसती बोटे मोजून 'तीन वर्षे झाली' असे म्हणणाऱ्याची येथे फसगत होते.

हा नियम कोठे सरळ लागू होत नाही

अर्धवट माहिती ही अज्ञानापेक्षाही धोक्याची असते. म्हणून तीन वर्षांच्या नियमाला असलेले अपवाद येथे मुद्दाम देत आहोत.

पहिला अपवाद सहकारी पतसंस्था व सहकारी बँकांचा. आपल्याकडे पुष्कळांची कर्जे तेथलीच असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९२ प्रमाणे सभासदाकडून येणे असलेल्या रकमेची मुदत तो सभासद मरण पावल्यापासून किंवा त्याचे सभासदत्व संपल्यापासून मोजली जाते. शिवाय कलम १०१ खाली संस्थेला निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळविता येतो. म्हणून पतसंस्थेच्या जुन्या कर्जाला 'मुदत गेली' असे परस्पर समजू नये.

दुसरा अपवाद गहाणाचा. घर किंवा जमीन गहाण असेल तर त्या मिळकतीवरून पैसे वसूल करण्यासाठी बारा वर्षांची मुदत आहे. सोने तारण ठेवले असेल तर दाव्याची मुदत गेली तरी तारण आपोआप मोकळे होत नाही. रीतसर सूचना देऊन ते विकण्याचा हक्क तारण ठेवून घेणाऱ्याला असतो.

तिसरी गोष्ट हुकूमनाम्याची. कधी कधी बँकेने मुदतीत दावा केलेला असतो, समन्स जुन्या पत्त्यावर गेलेले असते आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन गेलेला असतो. हुकूमनामा झाला की त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त करण्यास बारा वर्षे मिळतात. म्हणून नोटिशीत दाव्याचा नंबर दिला असेल तर त्याची चौकशी आधी करावी. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर दाव्याचा नंबर, पक्षकाराचे नाव किंवा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकून ही चौकशी फुकट करता येते. कॉलेजात जाणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे काम पंधरा मिनिटांत जमेल.

चौथी गोष्ट अशी की, मुदत गेली म्हणून सिबिलसारख्या संस्थांच्या नोंदीतून जुनी थकबाकी लगेच निघून जात नाही. नवीन कर्ज मागताना ती आडवी येऊ शकते. मात्र ही अडचण वेगळी आणि कोर्टाची कारवाई वेगळी.

सहीचा सापळा

मुदतीच्या कायद्याचे कलम १८ असे सांगते की, मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने लेखी कबुली देऊन सही केली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजावी. कलम १९ प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी कर्जापोटी काही रक्कम भरली आणि तशी नोंद कर्जदाराच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली, तरीही मुदत नव्याने सुरू होते. बँका दर तीन वर्षांच्या आत 'बाकी मान्य' असल्याच्या कागदावर सही घेतात, ती याच कारणासाठी.

मुदत संपल्यानंतरची गोष्ट थोडी निराळी आहे. तेव्हा नुसती कबुली दिल्याने किंवा नुसते हजार-दोन हजार भरल्याने गेलेली मुदत परत येत नाही. पण १८७२ च्या करार कायद्याचे कलम २५, पोटकलम ३ असे आहे की, मुदतबाह्य कर्जसुद्धा फेडीन असे लेखी वचन सहीनिशी दिले तर तो नवा व पक्का करार होतो. मग त्या करारावर पुन्हा दावा चालतो. वसुलीवाल्यांना हे कलम तोंडपाठ असते. "साहेब, आज फक्त दोन हजार भरा, पाच टक्क्यांत मिटवून टाकू, तेवढी या फॉर्मवर सही करा," असे ते गोड बोलून सांगतात, तेव्हा त्यांना दोन हजारांपेक्षा ती सही मोलाची असते. फॉर्मवर बहुधा 'उरलेली रक्कम हप्त्यांनी फेडण्याचे मी कबूल करतो' असे लिहिलेले असते. दहा वर्षे मेलेले कर्ज त्या एका ओळीने जिवंत होते.

म्हणून तारखांचा हिशेब होईपर्यंत पुढील गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. कोणत्याही कागदावर सही करू नये. नवीन चेक देऊ नये. ओटीपी सांगू नये. 'थोडी सवड द्या, मी फेडीन' असे चिठ्ठीत, ईमेलमध्ये वा व्हॉट्सॲपवर लिहून देऊ नये. ईमेलसुद्धा लेखी कबुली धरता येते असे न्यायालयीन निर्णय आहेत. फोनवर "होय, माझ्याकडे बाकी आहे" असे म्हणण्याऐवजी "काय ते लेखी पाठवा" एवढेच म्हणावे.

नोटीस कोणाची, हे आधी पाहावे

सर्वच कागद सारखे नसतात. वकिलाची नोटीस म्हणजे वकिलाने आपल्या अशिलाच्या वतीने केलेली मागणी होय. ती कोर्टाची आज्ञा नव्हे. वकिलाला अटक करण्याचा किंवा जप्ती करण्याचा अधिकार नसतो. काही नोटिशींवर तराजूचे चित्र, लाल अक्षरे आणि कोर्टाच्या कागदासारखी मांडणी असते, पण दाव्याचा नंबर, कोर्टाचे नाव आणि शिक्का नसतो. अशा कागदाने दबून जाऊ नये.

लोकअदालतीची नोटीस ही तडजोडीसाठी बोलावणे असते. दावा दाखल होण्यापूर्वीची प्रकरणेही लोकअदालतीत ठेवली जातात. तेथे जावे, पण तडजोड करायचीच अशी सक्ती कोणावर नसते. मात्र तडजोडीवर सही केली की लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखा होतो आणि त्यावर अपील चालत नाही. मुदतबाह्य कर्जाची तडजोड तेथे घाईने करणे म्हणजे आपल्या हाताने हुकूमनामा ओढवून घेणे होय.

लवादाची नोटीस आली तर ती बाजूला टाकू नये. खाजगी वित्त कंपन्यांच्या करारांत लवादाचे कलम असते आणि आपण गैरहजर राहिलो तर एकतर्फी निवाडा होऊ शकतो. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मुदतीचा कायदा लवादासही लागू आहे. म्हणून मुदतीची हरकत लवादापुढे पहिल्याच उत्तरात लेखी घ्यावी. कंपनीने एकतर्फी नेमलेल्या लवादाविरुद्धही हरकत घेता येते.

चेक न वटल्याची नोटीस ही निराळी बाब आहे. जुन्या काळी घेऊन ठेवलेला कोरा चेक आता तारीख टाकून भरला जातो आणि तो परत आला की १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली पंधरा दिवसांत पैसे देण्याची नोटीस येते. ही फौजदारी खटल्याची पहिली पायरी असते. या कलमाखालचे कर्ज कायद्याने वसूल होण्याजोगे असले पाहिजे, हा बचाव आहे; पण मुदतबाह्य कर्जापोटीच्या चेकबाबत उच्च न्यायालयांचे निर्णय एका दिशेचे नाहीत. म्हणून अशी नोटीस आली की त्याच आठवड्यात वकील गाठावा.

उत्तर कसे द्यावे

नोटिशीला उत्तर दिले नाही म्हणून कर्ज मान्य झाले असे होत नाही. तरीही मोजक्या शब्दांत लेखी उत्तर देणे चांगले. उत्तराने दोन गोष्टी साधतात : आपण घाबरलो नाही हे समोरच्याला कळते, आणि पुढे कोर्टात दाखवायला आपल्याजवळ कागद राहतो. उत्तरात आपली गरिबी, आजारपण, मुलीचे लग्न यांची हकीकत लिहू नये. बिचारी माणसे मनापासून लिहितात आणि त्याच पत्रात नकळत कर्ज कबूल करून बसतात. नमुन्यादाखल मजकूर येणेप्रमाणे :

"आपली दिनांक ... ची नोटीस मिळाली. माझे सर्व हक्क अबाधित राखून कळवितो की, नोटिशीतील मागणी मला मान्य नाही. मूळ कराराची प्रत, संपूर्ण खातेउतारा, शेवटचा भरणा कोणत्या तारखेस व कसा झाला त्याचा पुरावा, आणि सदर येणे आपल्या अशिलाकडे वर्ग झाले असल्यास त्याचा दस्तऐवज यांच्या प्रती पाठवाव्यात. आपली मागणी मुदतीच्या कायद्याने बाधित आहे. या पत्रातील कोणताही मजकूर मुदतीच्या कायद्याच्या कलम १८ खालील कबुली अथवा करार कायद्याच्या कलम २५, पोटकलम ३ खालील वचन समजण्यात येऊ नये. यापुढील सर्व व्यवहार लेखी करावा."

मुदत संपल्याची खात्री असेल तरच मुदतीचे वाक्य घालावे. खात्री नसेल तर फक्त कागद मागावेत आणि कबुली नसल्याचे वाक्य ठेवावे. 'मी कर्ज घेतलेच नाही' असे खोटे मात्र कधीही लिहू नये. मुदतीचा बचाव हा कायद्याने दिलेला उघड बचाव आहे, त्याला खोट्याचा टेकू लागत नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती, पोच आणि पत्राची प्रत एका फाईलमध्ये ठेवावी.

कोर्टाचे समन्स आले तर

येथे मात्र स्वस्थ बसून चालणार नाही. 'कर्ज तर मुदतबाह्य आहे, कोर्टच फेटाळील' असे म्हणून घरी बसणाऱ्यांवर एकतर्फी हुकूमनामे झालेले आहेत. वादी आपल्या दाव्यात जी तारीख लिहितो तीच कोर्टापुढे असते. ती चूक आहे हे सांगायला आपणच हजर पाहिजे. दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यावी लागते, आणि कोर्ट कारणे नोंदवून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. वचनचिठ्ठीवरचे दावे पुष्कळदा संक्षिप्त पद्धतीने चालतात, त्यात तर दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. म्हणून समन्सवरील पहिली ओळ वाचून पेटीत ठेवू नये. मागे एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर ही मुदत हुकूमनामा कळल्या दिवसापासून मोजतात.

धमकी, अटक आणि जप्ती

कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही. हातउसन्या किंवा बँकेच्या कर्जाची वसुली करून देणे हे पोलिसांचे काम नव्हे. हुकूमनामा झाल्यावरही, ज्याच्याजवळ खरोखर फेडण्याची ऐपत नाही त्याला केवळ तेवढ्यासाठी दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली ठरविले आहे. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५६ सांगते. कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, भविष्य निर्वाह निधी यांवर जप्ती येत नाही. पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग साध्या हुकूमनाम्याच्या जप्तीतून मोकळा असतो.

वडिलांच्या कर्जासाठी मुलांना धमकावणे हाही एक नेहमीचा प्रकार आहे. मृताच्या कर्जाची जबाबदारी वारसांवर येते ती त्याच्याकडून मिळालेल्या मिळकतीपुरतीच. वडिलांच्या मागे काहीच मिळाले नसेल तर मुलाच्या स्वतःच्या पगाराला त्या कर्जासाठी हात लावता येत नाही. अर्थात मुलगा स्वतः जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी.

वसुलीवाल्यांच्या वागणुकीवरही बंधने आहेत. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करू नये, कर्जदाराला, त्याच्या नातेवाइकांना वा मित्रांना धमकावू नये, चारचौघांत बेअब्रू करू नये असे बजावले. महिलांच्या गटांना मिळणाऱ्या सूक्ष्म कर्जांसाठी त्याच वर्षीच्या निर्देशांत ही वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी सहा अशी दिली. कोणी मर्यादा ओलांडली तर फोनची तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवावा आणि प्रथम त्या बँकेकडे अथवा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. मारण्याची वा बदनामीची धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली पोलिसांत तक्रार करता येते.

खाजगी सावकाराच्या बाबतीत महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ हा कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि बिनपरवाना सावकाराला त्या कर्जापोटी कोर्टाकडून हुकूमनामा मिळत नाही. अशा सावकाराने जमीन किंवा घर बळकावले असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करावा.

मदत कोठे मिळेल

वकिलाची फी परवडत नाही म्हणून पुष्कळजण गप्प बसतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. या गटांना उत्पन्नाची अट नाही. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाल्यापासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांनाही केंद्राच्या या यादीत स्थान आहे. म्हणून आपल्या बहुसंख्य सभासदांना ही मदत हक्काने मिळते. जातीचा दाखला, ओळखपत्र आणि आलेली नोटीस घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत किंवा तालुका समितीकडे जावे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

फेडावे की न फेडावे

शेवटी एक प्रश्न उरतो आणि तो सभासदच आम्हाला विचारतात. पैसे घेतले होते हे तर खरे. मग मुदतीचा आडोसा घेणे बरोबर काय? आमचे मत असे की, ज्याची ऐपत आहे आणि ज्याला मूळ सावकाराचे देणे मनाला टोचते, त्याने ते खुशाल फेडावे. कायदा त्याला अडवीत नाही. पण त्याने ते आपल्या मर्जीने, रक्कम एकदाची ठरवून, आधी लेखी तडजोडपत्र घेऊन आणि पैसे भरताच नादेय दाखला घेऊन फेडावे. मुदतबाह्य कर्ज एकदा भरले की ते परत मागता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ज्या कर्जाची मुदत अजून चालू आहे त्याच्यासाठी मात्र मुदत संपण्याची वाट पाहत बसू नये. बँकेत जाऊन हप्ते बांधून घ्यावेत, कारण दावा झाला तर कोर्टखर्चही अंगावर येतो.

परंतु मुलांच्या शिक्षणाचे पैसे, म्हातारपणाची पुंजी किंवा घरातले सोने एका छापील धमकीपायी देऊन टाकणे, यात प्रामाणिकपणा नाही; ती भीती आहे. आपली माणसे अब्रूला जपणारी आहेत आणि वसुलीवाला नेमके त्यावर बोट ठेवतो. न फेडता आलेल्या जुन्या कर्जाने माणूस गुन्हेगार ठरत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांना एक काम सांगतो. सुट्टीत घरातील कर्जाचे सगळे कागद, पासबुके, पावत्या, जामीनपत्रे एकत्र करा. एका वहीत कर्ज कोणाचे, कधी घेतले, शेवटचा हप्ता कोणत्या तारखेस भरला, शेवटची सही कधी केली, हे चार रकाने आखून लिहून काढा. नोटीस आलीच तर पहिल्या दिवशी ही वही उघडावी, दुसऱ्या दिवशी विधी सेवा कचेरीत जावे आणि तोपर्यंत घरातल्या कोणीही कोठे सही करू नये.